फुकटच्या साइटचं रूप बदलवता? मग शिव्यांची तयारी आधी करा

गावाकडची फुकटची साइट कशी चालते ते ज्यानं चालवली त्यालेच माहीत. एक सेतू केंद्रवाला, एक जिल्हा परिषदेचे मास्तर, पुण्याले शिकायला गेलेलं एखादं पोरगं, आणि डोमेनचे पैसे यंदा कोणी भरायचे यावर दरवर्षी होणारी तीच ती चर्चा. साइटवर काय तर बाजारभाव, एसटीचं टाइमटेबल, पाऊस किती पडला, रक्त देणाऱ्यांची यादी, असं काय काय. दिसायला भंगार, पण चालते. मग कोणालातरी वाटते की हिला जरा बरं रूप द्यावं, पोरगं रात्री जागून नवं डिझाइन बनवते, चढवते, आणि सकाळी दूध घालायच्या टायमापासून फोन सुरू. "काहून बदलवलं बाप्पा?" "मले भाव दिसूनच नाई राह्यला." "पह्यलेचीच बरी होती, तेच आना."

त्या सकाळच्या आधी काय करायचं आणि नंतर काय करायचं, ते इथं क्रमानं लिहून राहिलो. उदाहरणं बाजारभावाच्या साइटची घेतली आहेत कारण आमच्याकडं, यवतमाळ जिल्ह्यात, लोक तीच जास्त पाहतात, पण वाचनालयाची असो की शाळेच्या जुन्या पेपरांची, सगळ्याले हेच लागू पडते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकांचा राग रंगावर किंवा फॉन्टवर फार कमी असते, राग असते तो चालू काम मोडलं यावर आणि कोणी विचारलं नाही यावर. पैसे देणारा गिऱ्हाईक नाराज झाला की दुसऱ्या दुकानात जाते. फुकटच्या साइटवरचा माणूस जात नाही, कारण तो साइटला आपली समजते, त्यानं कधीतरी चुकलेला भाव फोन करून दुरुस्त करायला सांगितलेला असते, एसटीची बंद झालेली फेरी कळवलेली असते. गावातली बोरिंग एका रात्रीत दुसऱ्या गल्लीत हलवली तर पाणी गोड असलं तरी बाया घागरी घेऊन जुन्याच जागी येतील आणि सरपंचाचा उद्धार करतील, तसंच हे. म्हणून शिव्या येणार नाहीत असं डिझाइन शोधत बसू नका. शिव्या कमी याव्या आणि आलेल्या कामी पडाव्या एवढं पाहा.

पहिलं काम : काहून बदलवता ते एका वाक्यात लिहा

कागदावर लिहा. "साइट जुनी दिसते" हे कारण लिहिलं असेल तर कागद फाडा आणि घरी जा. जुनी दिसणं ही तुमची अडचण आहे, वापरणाऱ्याची नाही. चालणारी कारणं अशी असतात: पान मोबाइलवर आडवं सरकवावं लागते, जुन्या नॉन-युनिकोड (म्हणजे तो फॉन्ट असलेल्या कॉम्प्युटरवरच वाचता येणाऱ्या) फॉन्टमधला मजकूर मोबाइलवर नुसता कचरा दिसते (श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेलं सरळ कॉपी करून साइटवर टाकणारे अजूनही आहेत बरं), किंवा नवा बाजार जोडायला जागाच उरली नाही.

कारण धड असलं की नंतर लोकांना सांगताही येते. ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या हौशी लोकांनी बनवलेला फुकट नकाशा, २००४ मध्ये सुरू झाला. त्याच्या मुख्य नकाशात मोठे रस्ते ब्रिटनच्या पद्धतीनं निळे आणि हिरवे दाखवत होते. २०१५ मध्ये ते बदलवून लाल, नारिंगी, पिवळे असे केले. कारण साफ होतं, निळा रस्ता नदीसारखा वाटे आणि हिरवा जंगलात मिसळून जाई. जुन्या लोकांची कुरकुर झाली, पण कारण डोळ्यानं दिसणारं होतं म्हणून वाद रंग कोणता असावा यावर झाला, "काहून केलं" यावर कमी झाला. हा फरक लई मोठा आहे.

कारण लिहून झालं की अजून एक प्रश्न: हे पूर्ण साइट न बदलवता होते का? बहुतेक वेळा होते. आडवं सरकणं ही दोन ओळींची दुरुस्ती असते. पोरांना पूर्ण साइट नवीन करायची हौस असते, ती हौस त्यांनी स्वतःच्या पोर्टफोलिओत भागवावी.

दुसरं : बाजूला बसून पाहा, विचारू नका

"तुम्हाले साइट कशी वाटते?" असं विचारलं की सगळे "चांगली आहे" म्हणतात, आपल्याकडं तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही. म्हणून पानठेल्यावर, कृषी केंद्राच्या बाकड्यावर, बाजार समितीच्या गेटजवळ बसा आणि म्हणा, "काका, आजचा सोयाबीनचा भाव पाहून सांगा ना जरा." आणि मग गप्प राहा. हात मागं ठेवा. तुमचं बोट त्यांच्या स्क्रीनवर गेलं की टेस्ट संपली.

काय दिसते ते सांगतो. फोन चार-पाच वर्षं जुना, स्क्रीनला वरच्या कोपऱ्यातून खाली आलेली भेग, काच तंबाखूच्या बोटांनी धुरकट. काका साइटचं नाव टाइप करत नाहीत, व्हॉट्सअॅपवर जावयानं कधीतरी पाठवलेली लिंक शोधतात आणि तिच्यावर दाबतात. पान उघडायच्या आधीच अंगठा चालू होते, एक, दोन, तीन वेळा वर ढकललं की थांबते, आणि तिथं बरोबर दारव्हा बाजाराचा भाव असते. वरचा मेनू त्यांनी आजपर्यंत वाचलेला नाही. सर्च आहे हे माहीत नाही. त्यांच्यासाठी साइट म्हणजे तीन ढकल्या आणि दारव्हा. आता तुम्ही वर एक मोठा सुंदर फोटो टाकला, कापसाच्या शेतात सूर्य उगवतानाचा, की तीन ढकल्यांवर दारव्हा राहत नाही, पुसद येते. आणि काका पुसदचा भाव दारव्ह्याचा समजून गाडी भरतात. लोक "डिझाइन बिघडवलं" म्हणतात तेव्हा असं काहीतरी घडलेलं असते, फक्त ते त्यांना सांगता येत नाही.

किती जणांना बसवायचं? जेकब नील्सन या डिझाइनच्या अभ्यासकानं २००० मध्ये लिहिलं होतं की पाच जणांवर तपासलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी सापडतात. आमच्याकडं मी एवढंच म्हणेन की ते पाच जण एकाच घरातले नको. एक म्हातारे शेतकरी, बचत गटातली एखादी ताई, एक अडत्याकडचा दिवाणजी, एक कॉलेजचं पोरगं, आणि एक जण असा की जो साइट चष्म्याशिवाय पाहते. दिवाणजीले विसरू नका, तो दिवसातून वीस वेळा उघडते आणि सगळ्यात जास्त तोच ओरडणार आहे.

जे दिसलं ते वहीत लिहा: कुठून आला, काय शोधलं, कुठं अंगठा थांबला, कुठं चुकला. ही वही पुढं लागते.

तिसरं : नवं बनवताना आपल्या भागाचे चार नियम

डिझाइन कसं करावं हा वेगळा विषय, पण ज्या गोष्टींवर हमखास बोंब होते तेवढ्या सांगतो.

ऊन. मे महिन्यात धुऱ्यावर उभं राहून फोन पाहा म्हणजे समजते. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षर ऑफिसात भारी दिसते, वावरात दिसतच नाही. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या अक्षरासाठी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, सांगितला आहे, आपण त्याच्या वरच राहावं. सरळ काळं अक्षर, पांढरा कागद.

देवनागरी. इंग्रजीसाठी बनवलेली टेम्प्लेट उचलली की ओळींतलं अंतर कमी पडते आणि वरची वेलांटी, मात्रा कापली जाते किंवा वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, मी तर थोडी जास्तच ठेवतो. आणि लेटर-स्पेसिंग नावाची अक्षरांमधल्या अंतराची जी सेटिंग असते ती शून्यावर आणा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसते. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नीट सांगा, म्हणजे चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदीचे नाही. लोकांना हे नेमकं सांगता येत नाही, पण "काहीतरी हिंदीवानी दिसून राह्यलं" असं म्हणतात आणि ते बरोबर असते.

खुणा. तीन आडव्या रेघा म्हणजे मेनू हे ज्याला माहीत त्याला माहीत. खाली "मेनू" किंवा सरळ "सगळे बाजार" असं लिहा. शब्द लिहायला पैसे पडत नाहीत. बटण अंगठ्याएवढं ठेवा, डब्ल्यूसीएजीच्या २०२३ च्या आवृत्तीत किमान २४ पिक्सेल म्हटलं आहे पण कष्टाच्या हाताला ते पुरत नाही, ४८ च्या आसपास ठेवा.

वजन. जुनं पान हलकं होतं म्हणून रेंज नसलेल्या गावातही उघडत होतं. नव्यात फोटो, स्लायडर, बाहेरचे चार फॉन्ट आले की पांढरी स्क्रीन आणि गोल फिरणारं चक्र. जुन्यापेक्षा नवं पान जड झालं तर माझ्या हिशोबानं ते डिझाइन नापास, मग कितीही देखणं असो.

चौथं : आधी सांगा, पण बातमीसारखं नाही

दोन आठवडे आधीपासून जुन्याच साइटवर वर एक पट्टी. त्यात "नव्या रूपात येत आहोत" असलं काही नको, ते कोणी वाचत नाही. काय हलणार आहे ते लिहा: "पोळ्यानंतर भावाचं पान बदलणार. तुमचा बाजार एकदा निवडला की दरवेळी तोच वर दिसेल. जुनं पानही बटणावर मिळेल. आत्ता पाहायचं असेल तर इथं दाबा." बस. सोबत नवं पान उघडून पाहायची लिंक द्या, म्हणजे ज्यांना हौस आहे ते आधीच येऊन शिव्या देतात आणि ते शिव्या देणारे सोन्यासारखे असतात.

पट्टीशिवाय व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज, आणि सेतू केंद्रात, कृषी केंद्रात, बाजार समितीच्या भिंतीवर साधा झेरॉक्स कागद. कागदावर जुन्या आणि नव्या पानाचा फोटो शेजारी शेजारी, दारव्हा आधी कुठं होतं आणि आता कुठं आहे याला पेनानं गोल. ह्या कागदाएवढं काम दुसरं काहीच करत नाही.

पाचवं : जुना रस्ता बंद करू नका

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. जुनं पान वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवा आणि नव्या पानावर वरच, पहिल्या नजरेत दिसेल असं, "जुनं पान पाहिजे" हे बटण.

विकिपीडियाकडं पाहा. २००४ पासूनचं मोनोबुक नावाचं रूप, मग २०१० मध्ये आलेलं व्हेक्टर, मग व्हेक्टर २०२२, आणि खातं असलेला माणूस आजही सेटिंगमध्ये जाऊन जुनं लावू शकते. इंग्रजी विकिपीडियावर व्हेक्टर २०२२ हे १८ जानेवारी २०२३ ला सगळ्यांसाठी लागू झालं, ओळींची रुंदी कमी केली, अनुक्रमणिका डावीकडं नेली, भाषांची यादी वर एका बटणात टाकली. दोन्ही बाजूला एवढी पांढरी जागा काहून सोडली यावर मोठा गदारोळ झाला. पूर्ण रुंदी करायचं बटण होतं, जुनं रूपही होतं, पण जुनं रूप खातं असणाऱ्यालाच मिळे. नुसतं वाचायला येणाऱ्याले तो पर्यायच नव्हता. परत फिरवायचं का यावर संपादकांत मोठी चर्चा झाली, फिरवा म्हणणारे जास्त होते, तरी एकमत झालं नाही म्हणून नवंच राहिलं. एक गोष्ट लक्षात घ्या, विकिपीडिया लिहिणारे स्वयंसेवक असले तरी सॉफ्टवेअर बनवणारी विकिमीडिया फाउंडेशनची पगारी माणसं आहेत, आपल्याकडं ते पोरगं एकटंच आहे आणि त्याची सेमिस्टर आहे. म्हणून आपला "जुनं पान" बटणाचा पर्याय लॉगिनशिवाय चालला पायजे आणि फोनला तो लक्षात राहिला पायजे. दरवेळी पुन्हा दाबायला लावाल तर त्याची वेगळी तक्रार येईल.

ओपनस्ट्रीटमॅपनंही असंच केलं. २०१३ मध्ये आयडी नावाचा नवा एडिटर, म्हणजे नकाशात बदल करायचं साधन, आणला, पण आधीचा पॉटलॅच काढून टाकला नाही, ज्याला पायजे तो वापरत राहिला. पॉटलॅच फ्लॅश या ब्राउझरच्या जुन्या जोडणीवर चाले, २०२० च्या शेवटी फ्लॅशच बंद पडलं तोपर्यंत तो साइटवर होता.

आता पत्त्यांचं. प्रत्येक जुनी लिंक चालली पायजे. वर पाहिलं ना, काका जावयाच्या जुन्या लिंकवरून येतात. वेब बनवणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं आहे की चांगले पत्ते बदलत नाहीत. बदलवायचेच असतील तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्यावर नेणारी सोय) लावा, आणि ते त्याच बाजाराच्या पानावर जाऊ द्या, सगळ्यांना होमपेजवर आणून टाकू नका.

आणि कॅश, म्हणजे फोननं साठवून ठेवलेल्या फाइली. नव्या पानाला फोनमध्ये साठलेली जुनी सीएसएस (रंग-मांडणीची फाइल) लागली की सगळं एकमेकांवर चढते आणि लोक म्हणतात "साइट फुटली". फाइलच्या नावातच आवृत्तीचा आकडा टाका, साधी युक्ती आहे, पण पहिल्या दिवसाचे अर्धे फोन यानं वाचतात. साइटला सर्व्हिस वर्कर (रेंज नसतानाही पान दाखवणारा फोनमधला छोटा प्रोग्राम) असेल तर तो आधी तपासा, तो जुनं पान धरून बसते.

सहावं : मुहूर्त

ऑक्टोबर ते फेब्रुवारी भावाच्या साइटला हात लावायचा नाही. दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन येते, मग कापूस, मग तूर. त्या दिवसांत घरात माल पडलेला, डोक्यावर कृषी केंद्राची उधारी, आणि माणूस भाव पाहायला आला की त्याला शिकायला वेळ नसते. जूनमध्ये पेरणी, तेव्हाही नको. श्रावणात भाव पाहणारे कमी असतात, निंदण-फवारणी चालू असली तरी साइटवर गर्दी नसते. पोळा झाला की चढवा. सोयाबीन निघेपर्यंत थोडे आठवडे मिळतात, त्यात दुरुस्त्या होऊन जातात. एसटी टाइमटेबलची साइट असेल तर उन्हाळ्याचा लग्नाचा सीझन आणि शाळा सुरू व्हायचा आठवडा टाळा. शाळेची असेल तर परीक्षा.

वार कोणता? बाजार बंद असते त्याच्या आदल्या संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी चढवणारं पोरगं फोन उचलायला मोकळं असलं पायजे. शुक्रवारी रात्री चढवून शनिवारी पोरगं मामाच्या लग्नाले गेलं, असं नको.

सातवं : पहिले पंधरा दिवस, म्हणजे शिव्यांचा सीझन

इथं थोडं सविस्तर लिहितो कारण इथंच सगळे गोंधळतात.

आधी ठरवा की उत्तर कोण देणार. एकच माणूस. आणि तो डिझाइन करणारा नको. ज्यानं रात्री जागून बनवलं त्याला "काय भंगार बनवलं बे" हे वाचून उत्तर द्यायला लावणं म्हणजे त्याला साइट सोडायला लावणं. मास्तर लोक या कामाला बरे, त्यांना ऐकून घ्यायची सवय असते.

मग प्रत्येक तक्रार तीन डब्यांपैकी एकात टाका. पहिला डबा: काम अडलं. "भाव दिसत नाही", "आर्णी कुठं गेली", "बटण दबत नाही". हे त्याच दिवशी. दुसरा डबा: काम होते पण जास्त वेळ लागते. "आधी एका दाबात होत होतं, आता तीनदा दाबावं लागते." हे आठवड्यात, आणि हे हलक्यात घेऊ नका, दिवाणजीचे वीस वेळा तीन म्हणजे साठ दाब होतात. तिसरा डबा: आवडलं नाही. "हिरवा रंग काहून?", "पह्यलेचं बरं होतं", "हे काय पोट्ट्यायचं काम आहे". ह्याला नम्र उत्तर द्या, वहीत लिहा, आणि पंधरा दिवस काहीच करू नका. बरेचदा हा डबा आपोआप ओसरते. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख माणसाला जास्त लागते, इथं तेच चालते: नवं काय मिळालं ते दिसायला महिना लागते, जुनं गेलेलं पहिल्याच मिनिटाला दिसते.

पण सावध. तिसऱ्या डब्यातली तक्रार पुष्कळदा पहिल्या डब्यातलीच असते, फक्त बोलताना राग म्हणून निघते. "लई घाण झाली साइट" असा मेसेज आला तर एकदा विचारा, "काका, आत्ता काय पाहायला गेले होते? काय दिसलं? जमलं तर स्क्रीनशॉट टाका." स्क्रीनशॉट आला की पाहा, भाव स्क्रीनच्या बाहेर कापलेला असते, कारण काकांनी फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली आहेत आणि तुम्ही ते कधी तपासलंच नाही. म्हणजे घाण ही रंगाची नव्हती. वाढवलेल्या अक्षरांवर तपासणं हे लोक हमखास विसरतात, आपल्याकडं पन्नाशीच्या वरचे पुष्कळ लोक तसाच फोन वापरतात.

उत्तर कसं द्यायचं? एक नमुना: "भाऊ, बरोबर आहे, आर्णी खाली गेली आहे. वर 'माझा बाजार' दाबून एकदा आर्णी निवडा, मग रोज तीच वर येईल. नाही जमलं तर जुनं पान वरच्या बटणावर आहे. तुमचं लिहून घेतलं." कारण, उपाय, जुना रस्ता. यात "आम्ही तुमच्या प्रतिक्रियेचा आदर करतो" असलं बँकेसारखं काही नाही.

एक वाक्य मात्र कधीच लिहायचं नाही, कितीही डोकं फिरलं तरी: "फुकट वापरता आणि वरून बोलता?" हे वाक्य गेलं की मग डिझाइनचा विषय संपते, मानापमान सुरू होते, आणि ज्यानं दहा वर्षं भाव दुरुस्त करून दिले तो माणूस कायमचा तुटते. रात्री दहानंतर ग्रुपवर उत्तर देऊ नका एवढा नियम पाळला तरी हे वाक्य बहुतेक टळते.

न बोलणाऱ्यांचं काय? ग्रुपवर तेच दहा जण बोलतात. बाया बहुतेक ग्रुपवर लिहीत नाहीत, म्हातारे लिहीत नाहीत, ते फक्त यायचं बंद करतात. त्यांच्यासाठी आकडे पाहा, पण डोळसपणे. बाजार चालू असलेल्या दिवसाची तुलना बाजार चालू असलेल्याच दिवसाशी करा, पोळ्याच्या दिवसाशी नाही. आणि पानं जास्त उघडली गेली म्हणून पेढे वाटू नका, माणूस हरवला की जास्तच पानं उघडते. खरा आकडा हा: किती जण भावाच्या पानापर्यंत पोचले आणि "जुनं पान" किती जण दाबून राहिले. ते बटण दाबणारे दर आठवड्याला कमी होत गेले तर ठीक चाललं आहे. वाढत गेले तर पुन्हा वही घेऊन पानठेल्यावर.

आठवं : मागं फिरायचं कधी

आधीच लिहून ठेवा, चढवायच्या आधी. शिव्या सुरू झाल्यावर ठरवायला बसलं की निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याचा होते. माझी अट साधी आहे: चुकीचा भाव दिसून राहिला असेल, किंवा पाच माणसांच्या टेस्टमधले दोन जण भावापर्यंत पोचतच नसतील, तर त्याच दिवशी जुनं मुख्य करायचं आणि नवं बाजूला ठेवून दुरुस्त करायचं. लाज वाटायचं कारण नाही. इंग्रजी विकिपीडियावर जुलै २०१३ मध्ये व्हिज्युअल एडिटर (कोड न लिहिता लेख संपादायचं साधन) सगळ्यांना लावला होता, हळू होता, चुका करत होता, लोक वैतागले, आणि सप्टेंबरमध्ये तिथल्या एका स्वयंसेवक प्रशासकानंच तो बंद करून ज्याला पायजे त्यानं चालू करावा असा केला. एडिटर काही मेला नाही, सुधारत गेला आणि आज पुष्कळ लोक तोच वापरतात.

उलट उदाहरणही आहे. २०१४ मध्ये फोटो पाहायचं मीडिया व्ह्यूअर नावाचं नवं साधन जर्मन विकिपीडियावाल्यांना नको होतं, त्यांनी मत घेऊन ते बंद करायचा प्रयत्न केला, तर फाउंडेशननं ऑगस्टमध्ये "सुपरप्रोटेक्ट" नावाचं कुलूपच बनवलं, म्हणजे निवडून दिलेले प्रशासकही त्या पानाला हात लावू शकत नव्हते. ते कुलूप नोव्हेंबर २०१५ मध्ये काढावं लागलं. फोटो कसा उघडतो हा भांडणाचा विषय केव्हाच मागं पडला होता, पासवर्ड कोणाकडं आणि मालक कोण यावर सगळं आलं होतं. आपल्या चार जणांच्या साइटवरही असंच होते, म्हणून होस्टिंगचा पासवर्ड एकट्याकडं ठेवू नका आणि रागाच्या भरात तो बदलवूही नका.

वापरणाऱ्यांनी वाचायचं थोडंसं

राजेहो, तुमच्यासाठीही दोन ओळी. "पह्यलेचं बरं होतं" हे लिहून मन हलकं होते, दुरुस्ती होत नाही. फोन कोणता, काय पाहायला गेले, काय दाबलं, काय दिसलं, एवढं आणि स्क्रीनशॉट. लिहायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज टाका. पासवर्ड, ओटीपी, आधारचा फोटो यातलं काही टाकू नका, भावाच्या साइटला ते लागत नाही, कोणी मागत असेल तर तो साइटवाला नाही. आणि नवं रूप आल्यावर आठ दिवस वापरून पाहा, तोपर्यंत जुनं बटण आहेच.

शेवटचं काम : जुनं पान कधी काढायचं

घाई नको. एक पूर्ण सीझन, म्हणजे सोयाबीनपासून तूर संपेपर्यंत, दोन्ही चालू ठेवा. नवं पान हंगामाच्या गर्दीत टिकते की नाही ते तेव्हाच समजते. त्यानंतर जुन्या पानावर महिनाभर तारखेची पट्टी लावा, आणि अजूनही जे जुनंच वापरून राहिले त्यांच्यातल्या जेवढ्यांना ओळखता तेवढ्यांना सरळ फोन करा. बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी थांबलेले असतात, जसं की जुन्या पानावर सगळे बाजार एका तक्त्यात दिसतात आणि अडत्यांना तेच लागते. मग तो तक्ता नव्यात टाका, "सगळे बाजार एकत्र" म्हणून. काढताना फाइली पुसू नका, झिप करून दोघांकडं ठेवा, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर मुख्य पानं जतन करून घ्या, आणि जुन्या पत्त्यांचे रीडायरेक्ट तसेच राहू द्या, ते काढायची तारीख नसते.